अटकेपूर्वी घ्यावयाची खबरदारी

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला मंगळवारी सायंकाळी साडेसहाला पोलीस ठाण्यात ‘पाच मिनिटांच्या चौकशीसाठी’ बोलावण्यात आले आणि बुधवारी दुपारी दोनला त्याची अटक दाखवण्यात आली. मधले साडेएकोणीस तास तो कोठे होता, याचे कागदोपत्री उत्तर ‘कोठेही नाही’ असे आहे. मी ती रात्र त्याच ठाण्याच्या व्हरांड्यातील बाकावर काढली. तेथे मिळालेले ज्ञान आपल्याही उपयोगी पडावे, म्हणून काही सूचना नम्रपणे देत आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आपल्यावर करता येत नाही, तेव्हा आपण खुशाल गप्प बसावे. ‘आरोपी तपासात सहकार्य करत नाही’ हे रिमांड अर्जातील वाक्य तयारच असते, ते निदान खरे तरी ठरेल.

वकील हवा असल्यास साहेब राउंडवरून परत येईपर्यंत थांबावे.

सीसीटीव्हीवर विसंबू नये. प्रत्येक ठाण्यात, अगदी कोठडीतही, कॅमेरे हवेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे. आपल्या रात्रीपुरता तो नेमका बंद असतो.

आणि घड्याळ घरीच ठेवून जावे. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे, असे अनुच्छेद २२(२) सांगतो. भाबड्या माणसाला वाटते की हे तास त्याला दाराबाहेर जाऊ न दिल्याच्या क्षणापासून मोजतात. मुंबई उच्च न्यायालयालाही तीन दशकांपूर्वी तसेच वाटले होते: माणसाच्या हालचालीवर बंधन आले की ती अटक, मग अधिकारी तिला काहीही नाव देवो. ठाण्यात मात्र अटक केली जात नाही, ती दाखवली जाते, आणि दाखवेपर्यंत आपण पाहुणे असता. पाहुण्याला अटकेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागत नाहीत, त्याच्या घरी कळवावे लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने सांगितलेले, साक्षीदाराच्या सहीचे अटक पत्रकही भरावे लागत नाही. फक्त तो लघवीला उठला की सोबत एक शिपाई जातो. पहाटे तीनला मी विचारले, ‘त्याला अटक केली आहे का?’ ‘नाही.’ ‘मग घरी नेऊ का?’ ‘नाही.’ या दोन नकारांच्या मधल्या जागेत माणसाला कानाखाली मारता येते, कोऱ्या कागदावर त्याची सही घेता येते, आणि वर त्याला ‘आम्ही तुला हातही लावला नाही’ असे म्हणायला लावता येते. न्यायालय तेथून चालत दहा मिनिटांवर आहे, दहा मिनिटांवर!

शेवटची सूचना शेजाऱ्यांसाठी होती, पण आता थट्टा करण्याची इच्छा राहिलेली नाही. भाचा जामिनावर घरी आल्यावर आमच्या इमारतीत मला दोन वाक्ये ऐकावी लागली. ‘काही केल्याशिवाय पोलीस कशाला नेतील?’ आणि ‘आरोपींचे लाड केले म्हणूनच कसाबला बिर्याणी मिळाली.’ अहो, ती बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती, हे खुद्द विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. कसाबला वकील मिळाला, त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकले गेले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी तो येरवड्यात फासावरही गेला. कोणता हक्क आड आला? तुमच्या मुलाला उद्या पाच मिनिटांसाठी बोलावले, तर हेच हक्क तुम्ही मला रात्री फोन करून विचारणार आहात, आणि तेव्हा ठाण्यातला माणूस तुम्हाला तुमचेच वाक्य ऐकवणार आहे. तुम्ही ते त्याच्यासाठी वर्षानुवर्षे घासूनपुसून ठेवले आहे.

मलाही बोलण्याचा फारसा अधिकार नाही. त्या अटक पत्रकावर नातेवाईक म्हणून सही माझीच आहे, ‘वेळ दुपारी दोन’ या शब्दांच्या बरोबर खाली.