कारमेनची चाल बदलून मागणारी बाई

परवा मावशीला घेऊन 'कारमेन' बघायला गेले होते. प्रत्यक्ष ऑपेरा नव्हे, परदेशातल्या प्रयोगाचं चित्रण मोठ्या पडद्यावर. मावशीचं वय चौऱ्याहत्तर, जन्म नाट्यगीतं ऐकण्यात गेलेला. मध्यंतरात सामोसा खाता खाता तिने विचारलं, "ही भूमिका पहिल्यांदा केली कुणी गं? बसवली कुणी?"

हातातल्या पत्रकात बघितलं. संगीत जॉर्ज बिझे. मूळ कथा मेरिमे. संहिता मेयाक आणि आलेव्ही. पहिला प्रयोग ३ मार्च १८७५, पॅरिस. गाणारीचं नाव नाही. जिच्या गळ्यातून, जिच्या कमरेतून, जिच्या बोलण्यातून ती बाई पहिल्यांदा उभी राहिली, तिला एक ओळ नाही.

तिचं नाव सेलेस्तीन गाल्ली-मारिए. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कारमेन बिझेची आहे, पण तिच्यात या बाईचा वाटा आपण मानतो त्याहून खूप मोठा आहे. स्वरलेखनाच्या वहीवर तिची सही नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही.

थोडी पार्श्वभूमी. पॅरिसमध्ये 'ओपेरा-कोमिक' नावाचं थिएटर होतं, आजही आहे. 'कोमिक' म्हणजे विनोदी असा अर्थ घेऊ नका. मधले संवाद बोलायचे आणि मध्ये मध्ये गाणी, असा तो प्रकार. मोठ्या ऑपेरात सगळं गाऊनच. आपल्याला हा फरक समजवावा लागत नाही, संगीत नाटक आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. मुद्दा एवढाच, की इथे नुसता गळा असून भागत नसे. वाक्य टाकता यावं लागे, डोळा फिरवता यावा लागे, हसू कुठे थांबवायचं ते कळावं लागे.

या थिएटरचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते वाचून मी मोठ्याने हसले होते. इथल्या बॉक्समध्ये, म्हणजे बाजूच्या राखीव कप्प्यांत, मुली दाखवायचे कार्यक्रम होत! खरंच. दोन्हीकडची मंडळी नाटकाच्या निमित्ताने जमायची, मुलगा-मुलगी एकमेकांना बघायची, रंगमंचावर गोड गाणी चालू. कांदेपोहे, फक्त पोह्यांच्या जागी ऑपेरा. 'कारमेन'ची कल्पना निघाली तेव्हा द लवेन नावाच्या संचालकांनी हाच मुद्दा काढला, की रोज पाच-सहा बॉक्स असल्या भेटींसाठी जातात, आणि तुम्ही माझ्या रंगमंचावर चोर, जिप्सी, सिगारेट कारखान्यातल्या बायका आणता? वर शेवटी खून? आलेव्हीने पुढे ही हकीकत लिहून ठेवली आहे. द लवेन १८७४ च्या सुरुवातीला पायउतार झाले, आणि त्यामागे 'कारमेन'चा नाद हे एक कारण होतं.

आता बाईंकडे.

जन्म पॅरिसचा, १८३७. घरच गाणाऱ्यांचं. वडील मारिए द लील हे गायक. दोनिझेत्तीच्या 'रेजिमेंटची मुलगी'त १८४० मध्ये याच ओपेरा-कोमिकमध्ये पहिला तोनियो, म्हणजे नायक, त्यांनी केला. बहिणी इर्मा आणि पाओला, दोघीही ऑपेरेटामध्ये गाजलेल्या. पंधराव्या वर्षी गाल्ली नावाच्या शिल्पकाराशी लग्न झालं, १८६१ मध्ये तो गेला. म्हणजे पंचविशीच्या आत वैधव्य. तिने नवऱ्याचं नाव माहेरच्या नावाला जोडून ठेवलं आणि जन्मभर तेच वापरलं.

सुरुवात राजधानीत नाही. १८५९ मध्ये स्त्रासबूर, मग लिस्बन, मग रूआं. रूआंला ती बाल्फच्या जिप्सींवरच्या ऑपेरात गात होती आणि प्रेक्षकांत ओपेरा-कोमिकचे संचालक एमिल पेरँ बसले होते. त्यांनी तिला उचललं. १२ ऑगस्ट १८६२ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग, पर्गोलेसीच्या जुन्या खेळात मालकाला बोटावर नाचवून शेवटी त्याच्याशीच लग्न लावणारी मोलकरीण. चण लहानखुरी, चेहरा खट्याळ, हालचाल मांजरीसारखी, असं तेव्हाच्या लिहिणाऱ्यांनी म्हटलं आहे. आवाज मेझो, म्हणजे मध्यम पट्टीतला. झगमगत्या ताना मारणारी ती नव्हती. अशा गायिकेला पुढे जायचं तर एकच वाट असते, भूमिका.

आणि भूमिका बघा तरी तिच्या. 'रॉबिन्सन क्रूसो'वरच्या ओफेनबाखच्या ऑपेरात १८६७ मध्ये ती शुक्रवार झाली, क्रूसोचा सोबती, पुरुष! १८७२ मध्ये 'फांताझियो'त विदूषकाचं सोंग घेणारा तरुण आणि त्याच वर्षी मासनेच्या ऑपेरात लाझारीय नावाचा पोऱ्या. आपल्याकडे पुरुष लुगडं नेसून उभे राहत होते त्या काळात तिकडे ही बाई विजार चढवून उभी राहत होती.

पण तिला नाव दिलं ते 'मिन्यों'ने. आंब्रुआझ तोमाचा ऑपेरा, १७ नोव्हेंबर १८६६. गटेच्या कादंबरीतली ती पळवून आणलेली अनाथ पोर. कादंबरीत मिन्यों मरते. ऑपेरात मरत नाही, तिला तिचा माणूस मिळतो. कारण? बॉक्समधले कांदेपोहे. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींसमोर नायिका मारून कसं चालेल? संहिताकारांनी शेवट गोड केला आणि खेळ असा चालला की १८९४ मध्ये ओपेरा-कोमिकनेच त्याचा हजारावा प्रयोग केला, तोही तोमा हयात असताना.

हे लक्षात ठेवा. १८६६ मध्ये ज्या रंगमंचाने तिला मरू दिलं नाही, त्याच रंगमंचावर नऊ वर्षांनी ती रोज रात्री सुरा खाऊन पडणार होती.

कारमेन आधी तिला विचारलीच नव्हती. वर्तमानपत्रांत झुल्मा बूफारचं नाव चालू होतं. मग मारी रोझला विचारलं, तिने रंगमंचावर मरायचं म्हटल्यावर नकार दिला. त्यानंतर गाल्ली-मारिए. तिने लगेच होकार दिला असंही नाही. पैसे, प्रयोगांची संख्या, तारखा यांवर कित्येक महिने घासाघीस चालली. मला हे फार आवडतं. 'कलेसाठी सर्वस्व' वगैरे काही नाही. व्यवहार चोख, मग काम.

आणि मग तालमी. ऑक्टोबर १८७४ पासून.

इथे थोडं विषयांतर करते. कॉलेजात असताना मी एका संगीत नाटकात होते. एक पद माझ्या गळ्याला बसत नव्हतं. वरच्या पट्टीत नुसती किंचाळी निघायची आणि त्या प्रसंगात ती बाई किंचाळणारी नव्हती, ती आतल्या आत जळणारी होती. मी भीत भीत म्हटलं, "सर, खालून घेऊ का? आणि चाल जरा संथ केली तर?" सरांनी पेटीवरचा हात उचललासुद्धा नाही. "चाल ठरलेली आहे. तुला जमत नसेल तर दुसरी आहे." झालं. प्रयोगात मी किंचाळले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. अजून ती जागा आठवली की कान गरम होतात.

गाल्ली-मारिएने बिझेकडे तेच मागितलं जे मी मागितलं होतं. कारमेनच्या प्रवेशाला बिझेने आधी वेगळं गाणं लिहिलं होतं, धावत्या लयीचं. तिला ते पटलं नाही. ही बाई अशी पळत येणार नाही, हिला थांबून बघता यायला हवं, समोरच्याला खेळवता यायला हवं. बिझेने पुन्हा लिहिलं. पुन्हा नापसंत. तेराव्या खेपेला जमलं असं सांगतात. आकड्याचं सोडा, असले आकडे नाटकवाल्यांच्या गप्पांत फुगतात. चाल तिच्या आग्रहाने बदलली एवढं मात्र खरं. शेवटी बिझेने इराद्येर या स्पॅनिश संगीतकाराच्या हबानेराचा, म्हणजे क्यूबाकडून आलेल्या संथ नाचगाण्याचा, आधार घेतला. त्याला ते लोकगीत वाटलं होतं. मागाहून कळलं की त्याचा कर्ता आहे, तेव्हा तशी नोंद स्वरलेखनात घातली. आज ज्याने ऑपेराचं तोंडही पाहिलेलं नाही त्यालाही जी धून ओळखीची वाटते, ती ही. एका बाईने "हे नको" म्हटलं म्हणून ती जन्माला आली.

आणि बिझेने ऐकलं, याचं श्रेय त्यालाही. आमच्या सरांसारखा तो पेटी वाजवत बसला नाही.

बाकी तालमींत सगळाच आनंद होता. वादक म्हणत, हे वाजवताच येणार नाही. कोरसमधल्या बायकांना आजवर ओळीने उभं राहून गायची सवय, आता त्यांनी सिगारेट ओढायची, भांडायची, एकेकीने वेगवेगळं वागायचं. त्यांनी बंडच पुकारलं. संचालक द्यु लोक्ल स्वतःच म्हणत होता की हे संगीत त्याच्या डोक्यावरून जातं. एका मंत्र्याने पहिल्या प्रयोगाला कुटुंबासाठी बॉक्स मागितला तर द्यु लोक्लने त्याला सुचवलं, आधी रंगीत तालीम बघून जा, घरच्यांना आणण्याजोगं आहे का ते ठरवा. आपल्याच दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा मालक!

व्यवस्थापनाला खेळ सौम्य करायचा होता. ते प्रयत्न फसले, कारण मुख्य गायकांनी, म्हणजे गाल्ली-मारिएने आणि कारमेनला मारणारा प्रियकर डॉन होजे करणाऱ्या पोल लेरीने, सांगितलं की बदल होणार असतील तर आम्ही काम करणार नाही. बिझेचं एकट्याचं चाललं नसतं. प्रयोग तोंडावर आलेला, तिकिटं तिच्या नावावर विकायची, तेव्हा तिचं वजन पडलं. याला 'तापट बाई' म्हणतात. चरित्रांत तसंच लिहिलेलं असतं, हट्टी, लहरी. वर तिचं आणि बिझेचं काहीतरी होतं ही कुजबुज, तेव्हापासून आजपर्यंत. असेल नसेल. बाईने संगीतकाराशी कामावरून वाद घातला की लोकांना त्याचं एकच कारण सुचतं, एवढंच मी म्हणते.

पहिल्या रात्री पहिल्या अंकाला टाळ्या, दुसऱ्यातही बऱ्यापैकी, तिसऱ्यापासून सभागृह गार, चौथ्याला शांतता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं तुटून पडली, आणि विशेषतः तिच्यावर. ओस्कार कोमेतांने 'ल सिएक्ल'मध्ये कारमेनच्या वासनेवर असं काही लिहिलं की ते इथे देत नाही, घरातली मंडळी माझ्या पोस्ट वाचतात. तिने भूमिका नको तितकी खरी केली, ही त्यांची तक्रार. कवी थेओदोर द बांव्हिल मात्र बाजूने उभा राहिला.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट, अपयशाने बिझे खचला आणि मेला. ३ जून १८७५ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पॅरिसजवळच्या बूझिवालला, छत्तिसाव्या वर्षी, लग्नाच्या वाढदिवशी. त्याच रात्री गाल्ली-मारिए पत्त्यांच्या प्रवेशात 'मृत्यू' हा पत्ता उलटत होती, तिला अचानक धसका बसला आणि विंगेत येऊन ती कोसळली, अशीही कथा आहे. खरी की रचलेली, कोण जाणे. मला ती आवडत नाही, कारण त्या कथेत ती पुन्हा नुसती पत्ता उलटणारी बाई होते. बिझेचं हृदय आणि घसा आधीपासून दुखत होते. आणि पहिल्या फेरीत 'कारमेन'चे अठ्ठेचाळीस प्रयोग झाले. नाट्यगृह अर्धं रिकामं असायचं हे मान्य, पण ही बाई त्या अर्ध्या नाट्यगृहासमोर रात्रीमागून रात्री उभी राहिली. जानेवारी १८७६ मध्ये त्या प्रेक्षकांत रशियन संगीतकार चायकोव्हस्की बसला होता. भावाने पुढे लिहून ठेवलं आहे की तिच्या कारमेनने तो भारावून गेला होता.

मग ती भूमिका घेऊन हिंडली. इटली, १८८१ मध्ये बार्सिलोना, १८८६ मध्ये लंडन. पॅरिसने मात्र १८७६ नंतर खेळ कपाटात ठेवला. बाहेर सगळीकडे वाजतोय म्हटल्यावर एप्रिल १८८३ मध्ये ओपेरा-कोमिकने पुन्हा काढला, तोही दुसरी गायिका घेऊन, धार बोथट करून. वर्तमानपत्रांनी ओरड केली, म्हणजे त्याच वर्तमानपत्रांनी! ऑक्टोबरात गाल्ली-मारिएला परत बोलवावं लागलं. तेव्हा ती पंचेचाळिशीला पोचली होती.

१८८७ मध्ये ते थिएटर जळालं, चालू प्रयोगात, आणि प्रयोग 'मिन्यों'चा. ती त्या रात्री रंगमंचावर नव्हती. चौऱ्याऐंशी माणसं गेली.

रंगमंचावर ती शेवटची आली ११ डिसेंबर १८९० ला. बिझेच्या स्मारकासाठी निधी जमवायचा होता. होजेच्या गावाकडची मुलगी मिकाएला म्हणून मेल्बा, होजे म्हणून यान द रेश्के, बुलफायटर लासाल. त्या काळातली ही सगळ्यांत महागडी नावं. आणि त्यांच्या मधोमध त्रेपन्न वर्षांची कारमेन, जिच्यावर पंधरा वर्षांपूर्वी याच शहराने थुंकून घेतलं होतं. १९०४ च्या डिसेंबरात ओपेरा-कोमिकमध्ये 'कारमेन'चा हजारावा प्रयोग झाला, गायला एमा काल्व्हे. गाल्ली-मारिए तेव्हा जिवंत होती. पुढच्या सप्टेंबरात दक्षिणेत व्हाँसला वारली. काल्व्हेचा आवाज तबकड्यांवर ऐकायला मिळतो, हिचा नाही. चित्रकार दूसेने काढलेलं एक चित्र आणि काही फोटो आहेत.

घरी आल्यावर मावशीने पेटी काढायला लावली. मी ती हबानेरा शोधत बसले. वरच्या सा वरून सुरुवात, मग शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, आणि पंचम. एकही पट्टी न सोडता घसरत खाली. मावशी म्हणाली, "दोन्ही नी, दोन्ही धैवत, लागोपाठ? आमच्या बुवांनी उठवलं असतं गं." मग स्वतःच तीन-चारदा गुणगुणली, पाचव्यांदा कोमल धैवतावर जरा जास्तच रेंगाळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही जागा तिने मागून घेतली असणार."