विचारायचं कशाला, वळवा!

नाशिकचं पोरगं पायलट झालं की गल्लीत पेढे वाटतात. पण ते कंट्रोलशी, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्यांशी, कसं बोलतं हे कुणी ऐकलेलं नसतं. समोर गडगडाटी ढग उभा, आत विजा, आणि हा पठ्ठ्या विचारतो, "हवामानामुळे मार्गाच्या उजवीकडे दहा मैल जाऊ का?" होकार येईपर्यंत थांबतो. आला की तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो! द्वारका सर्कलवर गाडी शिकलेल्या माणसाला हे शोभतं का?

तेव्हा होतकरू वैमानिकहो, थोडं आमचं ऐका.

विचारलं की नकार मिळतो, हे आधी ध्यानात घ्या. २१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानाने गारपीट टाळायला डावीकडे वळण्याची परवानगी मागितली. आपल्या हवाई दलाच्या कंट्रोलने दिली नाही, मग लाहोरला विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी गारांतूनच गेले, विमानाचं नाक फुटलं, माणसं वाचली. आपला माणूस असता तर डिव्हायडरला पाडतात तशी सीमेलाच फट पाडून मोकळा झाला असता.

कंट्रोलवाले विमानांत वर-खाली १००० फूट आणि आडवं साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर राखतात. काय ही उधळपट्टी! एवढ्यात आपण गंगाघाटावरचे किती बुधवारचे बाजार बसवू.

शॉर्टकटला आपल्याकडे तोटा नाही. देवळालीवरून काढा. तिथे तोफांचा सराव चालतो, पण गोळे काय तुमच्यासाठीच थोडे उडवतात? नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात, तर शिकाऊंनी साइड द्यायची असते. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातलं सुखोई लढाऊ विमान चाचणीला वर आलं असेल तर हॉर्न मारा. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे आणि ढगात दिसत नाही, पण तो काही उठून अंगावर येत नाही.

नियमात पळवाटही आहे, पण ती वाचून मन खट्टू होतं. जिवावर बेतलं तर आधी वळा, मग कळवा, इथपर्यंत ठीक. मात्र महासागरावर परवानगी मिळायला वेळच नसेल आणि ५ मैलांपेक्षा जास्त वळायचं असेल, तर दिवे लावा, रेडिओच्या आणीबाणीच्या १२१.५ या फ्रिक्वेन्सीवर आजूबाजूच्या सगळ्यांना सांगा, शिवाय दिशेनुसार ३०० फूट वर किंवा खाली व्हा. परवानगीशिवाय वळायचं, तेही शिस्तीत! मग मजा काय राहिली?

कंट्रोलचं ऐकू नये याचा पुरावाही आहे. १ जुलै २००२, जर्मनीतलं युबरलिंगन. रशियन विमानाला धडक टाळणारं यंत्र 'चढ' सांगत होतं, कंट्रोलर 'उतर'. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान आपल्या यंत्राचं ऐकून उतरतच होतं. ७१ माणसं गेली. आता अशा वेळी यंत्राचा हुकूम मोडायचा नसतो, हा यातला उरलेला धडा. तो सोडून द्या. हेल्मेटसक्तीच्या बातमीतलाही आपण सोयीचाच भाग वाचतो.

आणि धडक झालीच, तर 'तोच मध्ये आला' म्हणायचं. मुंबई नाक्यावर हे हमखास चालतं. हरियाणातल्या चरखी दादरीला मात्र अडचण झाली. १२ नोव्हेंबर १९९६ ला उतरणाऱ्या कझाक विमानाने १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते विनापरवाना आणखी खाली आलं. सौदी विमान १४,००० फुटांवर होतं. 'तो मध्ये आला' म्हणायला ३४९ पैकी एकही जण उरला नाही. ब्लॅक बॉक्स तेवढे सापडले, आणि ते नगरसेवकाचा फोन घेत नाहीत.