द्राक्षाची म्हणून व्हीगन? तो फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

गेले काही दिवस नाशिकच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या, आणि काल तर मावशीनेच मला पाठवला. त्यात म्हटलंय की वाइन द्राक्षाची, म्हणजे ती आपोआप व्हीगन (म्हणजे मांस, दूध, अंडं, मध असं जनावरांपासूनचं काहीच नसलेली), विमानात हिंदू मील सांगितलं की व्हीगन जेवण मिळतं, हिरवा ठिपका दिसला की बिनधास्त खा, आणि नाहीच जमलं तर घरून डबा न्या, बाकी सगळी फॅडं. मावशीने तीन वर्षांपूर्वी दूध-तूप सोडलंय, पुढच्या महिन्यात ती लेकीकडे सिडनीला चाललीय आणि या मेसेजवर विसंबून बुकिंग करणार होती. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, द्राक्षाची वाइन म्हणजे व्हीगनच. हे नाशिककरांनी तरी पसरवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण वाइनरी आपल्या दारात आहेत, विचारायला गंगापूर रोडने अर्धा तास लागतो. द्राक्ष व्हीगन आहे, प्रश्न वाइन नितळ कशाने केली हा आहे. गुलाबजामचा पाक करताना आपण त्यात चमचाभर दूध टाकतो ना, मग मळी फेसासारखी वर येते आणि आपण ती झाऱ्याने काढतो. दुधातलं प्रोटीन मळ धरतं, तेवढंच. वाइनमध्ये हेच करतात, त्याला फायनिंग म्हणतात, फरक इतकाच की तिथे मळ खाली बसतो आणि वरची नितळ वाइन दुसऱ्या टाकीत घेतात. त्यासाठी जुन्या पद्धतीत वापरतात काय, तर अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन आणि माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास. रेड वाइनच्या 225 लिटरच्या एका बॅरलला साधारण तीन ते सहा अंड्यांचा पांढरा भाग लागतो. म्हणजे हे काही नावापुरतं नाही.

यावर लगेच उत्तर येतं की अगं पण ते गाळून निघून जातं, बाटलीत काही उरत नाही. बरं, बहुतेक निघून जातं, मान्य. पण जो माणूस व्हीगन आहे तो जनावराचा वापर नको म्हणतोय, शेवटी किती कण उरले हे मोजत बसलेला नाही. अंड्यात घोळवून वरचा थर काढून टाकलेली बटाट्याची काप तुम्ही एखाद्या माळकऱ्याच्या ताटात वाढाल का?

दुसऱ्या बाजूने, सगळ्याच वाइन अशा असतात असंही नाही, उलट आता पर्याय भरपूर आहेत. व्हाइट वाइनमधला प्रोटीनचा धुरकटपणा बेंटोनाइट नावाच्या मातीने जातो, ती माती आपल्या शेजारी कच्छमध्येच मिळते. रेडचा तुरटपणा कमी करायला वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रोटीन चालतं, आणि काही जण फायनिंग न करता वाइन नुसती मुरू देतात, वेळ लागतो पण होतं. मी एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये सरळ विचारलं, दादा, फायनिंग कशाने करता? त्याने सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरवतात तिथे, फोन लावला आणि मला आत नेऊन बादलीत भिजत घातलेलं बेंटोनाइट दाखवलं, अगदी मुलतानी मातीचा लेप कालवल्यासारखं राखाडी, गुळगुळीत. दोन मिनिटांचं काम. लेबलवर मात्र हे कळेलच असं नाही. युरोपात 2012 पासून वाइनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश राहिला असेल तर लिहावं लागतं, पण माशाच्या आयसिंग्लासला त्यातून सूट आहे. आणि ऑरगॅनिक लिहिलंय म्हणजे व्हीगन, हेही चूक, ऑरगॅनिक वाइनलाही अंडं चालतं.

दुसरा मुद्दा हिंदू मील. इथे मी स्वतः पोळलेय. फोनवर बुकिंग करताना मी व्हीगन म्हणाले, पलीकडच्याने व्हेज ऐकलं, आणि रात्री दोन वाजता समोर आलं पनीर, दही, वर खीर. मी कलिंगडाच्या चार फोडी आणि कोरडा बन खाऊन आठ तास काढले. नंतर बघितलं तर बुकिंगवर एव्हीएमएल (AVML) हा जेवणाचा कोड होता. तेव्हा शब्दांवर जाऊ नका, चार अक्षरी कोड बघा. एव्हीएमएल म्हणजे एशियन किंवा हिंदू व्हेज, त्यात दूध, दही, तूप येतं. एचएनएमएल हे हिंदू मील तर चक्क नॉनव्हेज आहे, त्यात बीफ नसतं इतकंच! व्हीएलएमएलमध्ये दूध-अंडं दोन्ही असतं. व्हीजेएमएल म्हणजे जैन, त्यात कंदमुळं नसतात पण दूध असू शकतं. आपल्याला हवं ते व्हीजीएमएल (VGML), म्हणजे व्हीगन. ते निदान 24 तास आधी नोंदवावं लागतं, काही ठिकाणी 48, आणि तिकीट एका कंपनीचं नि विमान दुसरीचं असेल तर जी उडवणार आहे तिच्याकडे पुन्हा खात्री करा, विनंती मध्येच गळून पडते. व्हीजीएमएल आलं तरी ट्रेमधल्या बटरच्या वडीकडे आणि सॅलडच्या ड्रेसिंगकडे एक नजर टाकाच.

हिरवा ठिपका. तो शाकाहाराचा आहे, दूध आणि मध त्यात चालतं, त्यामुळे पेढ्यावरही हिरवाच ठिपका असतो. व्हीगनसाठी एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, वेगळा लोगो आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान, नियम 2022 चे आहेत. बाहेरच्या देशातून चढलात तर दोन्ही दिसणार नाहीत.

आता डबा. हा मुद्दा मला अर्धा पटतो. तेलाचं मोहन घातलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, घरचा चिवडा, खुशाल न्या, मीही नेते. लोणचं केबिन बॅगेत अडवतात, ते ठेवू नका. सिडनीला उतरताना उरलेलं खाणं फॉर्मवर लिहावं लागतं, लपवलं तर दंड होतो, हे मावशीला मी दोनदा सांगितलंय. आणि वाइन डब्यात नेता येत नाही, स्वतःची बाटली विमानात उघडू देत नाहीत. नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्लीला जाताना प्रश्नच नाही, देशातल्या फ्लाइटमध्ये दारू देतच नाहीत. परदेशी फ्लाइटला एअरलाइनची वाइन लिस्ट आधी शोधायची, नावं बार्निव्होर नावाच्या साइटवर तपासायची, तिथे लोकांनी कंपन्यांना विचारून मिळवलेली उत्तरं असतात. लिस्ट बदलत राहते, म्हणून विमानात बाटली बघायला मागा, क्रू दाखवतात, संकोच कशाला.

मावशीच्या बुकिंगवर काल व्हीजीएमएल टाकून घेतलं, परतीच्या फ्लाइटवर वेगळं टाकावं लागलं, ते आपोआप येत नाही.