एक चांगले दोन तास

इंग्रजीत निरोप लिहायला बसलं की माझं घोडं स्पेलिंगपाशी अडत नाही, क्रियापदापाशीही नाही. ते पेंड खातं वेळेपाशी. ‘चांगले दोन तास वाट पाहिली’ हे मराठीत म्हणायला दोन सेकंद पुरतात. इंग्रजीत लिहायला मात्र, कसं सांगू, चांगले दोन तास लागतात.

पहिला प्रयत्न आपल्या सगळ्यांचा सारखाच असतो: ‘गुड टू अवर्स’. चांगले म्हणजे गुड, दोन म्हणजे टू, तास म्हणजे अवर्स. हिशेब चोख आणि उत्तर चूक. हवं असतं ‘अ गुड टू अवर्स’. आता हा ‘अ’ एकवचनी, हे इंग्रजीच्या पहिल्या इयत्तेतच घोकलेलं. ‘अवर्स’ तर ढळढळीत अनेकवचन. मग हे दोघे एका छपराखाली कसे नांदतात?

त्याचं असं आहे की इंग्रजी त्या दोन तासांची मोळी बांधते. मोळी एक, म्हणून ‘अ’. आतल्या काटक्या दोन, म्हणून ‘अवर्स’. आणि विशेषण ही दोरी. दोरी सोडली की मोळी सुटते, म्हणून ‘अ टू अवर्स’ असं कुणी म्हणत नाही, नुसतं ‘टू अवर्स’. आकड्याच्या अलीकडे विशेषण बसवलं की त्याच्याही अलीकडे ‘अ’ हवा, आणि विशेषण उठून गेलं की ‘अ’नेही मुकाट्याने उठायचं. ‘अनदर टू अवर्स’ला वेगळा ‘अ’ लागत नाही, कारण त्याने तो आधीच गिळलेला आहे. आपण नेमका हा ‘अ’ विसरतो, कारण मराठीत असली भानगडच नाही. शब्दशः आणायला जावं तर ‘एक दोन तास’ होतं, म्हणजे एक किंवा दोन, बघू, जमेल तसं. सगळी तक्रारच ढिली पडते.

बरं, ‘अ’ आठवला आणि विशेषण घसरलं तर आणखी पंचाईत. ‘टू गुड अवर्स’ म्हणजे मजेत गेलेले दोन तास. ताटकळत ठेवणाऱ्याला खडसवायला बसावं आणि हातून आभारपत्र लिहून व्हावं. ‘लाँग’चं मात्र तसं नाही: ‘अ लाँग टू अवर्स’ म्हणा की ‘टू लाँग अवर्स’, कंटाळा तेवढाच. ‘फुल’ या दोघांच्या मधलं. ‘टू फुल डेज’मध्ये प्रत्येक दिवस सुटा आणि पुरता भरतो, ‘अ फुल टू डेज’मध्ये एकूण बेरजेवर जोर, की बघा, दोन दिवस गेले, दोन!

या विशेषणांनी घड्याळ मोजलं जात नाही, बोलणाऱ्याचा पारा मोजला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘अ गुड टू अवर्स’ म्हणजे दोन तास किंवा थोडे जास्तच. एक तास पन्नास मिनिटांना ते लावणं म्हणजे मापात पाप. ‘अ मियर टेन मिनिट्स’ म्हणजे जेमतेम दहा मिनिटं, आणि हे नेहमी वाट पाहायला लावणारा म्हणतो, पाहणारा कधीच नाही. ‘सॉलिड’पासून विशेष जपावं. आपल्याकडे सॉलिड म्हणजे झकास. ‘अ सॉलिड अवर’मध्ये झकास काहीच नसतं, फक्त मध्ये खंड नसतो.

यानंतर येतो ‘एस’चा छळ. मीटिंग ‘थ्री अवर्स’ चालते, पण ती असते ‘अ थ्री-अवर मीटिंग’. एस गेला कुठे? जुन्या इंग्रजीत अशा जागी षष्ठीचं अनेकवचन यायचं आणि त्याच्या प्रत्ययात एस नव्हताच. पुढे तो प्रत्यय झिजून गेला आणि एकवचनासारखं दिसणारं बोडकं रूप उरलं. मुलगी ‘फाइव्ह इयर्स ओल्ड’ असते, पण नामाच्या आधी आली की ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ होते, आडव्या रेघा दोन. रजेचा अर्ज लिहिताना दोनच वाटा: ‘अ टू-वीक हॉलिडे’, नाहीतर ‘टू वीक्स हॉलिडे’. पहिल्यात ‘अ’ आणि रेघ. दुसऱ्यात दोन्ही नाहीत, पण एसनंतर डोक्याशी लोंबता स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. लोक दोन्ही वाटांवर एकेक पाय ठेवतात आणि मध्येच पडतात.

‘लास्ट इयर’ म्हणजे कॅलेंडरवरचं मागचं वर्ष. त्यात ‘द’ घातला की अर्थ होतो आजपासून मागे मोजलेले बारा महिने, आणि क्रियापदाचा काळही सहसा बदलतो. ‘फ्यू मिनिट्स’ म्हणजे फारशी मिनिटं हाताशी नाहीत. ‘अ फ्यू मिनिट्स’ म्हणजे आहेत थोडी. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे पुष्कळ. एवढ्याशा ‘अ’ने वेळ वाढवून मिळते, हे परीक्षेत कामाला आलं असतं तर बरं झालं असतं.

‘बायवीकली’ला तर मी लांबूनच नमस्कार करतो. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोशात शेजारी शेजारी बसलेत. बैठक बायवीकली ठरली की निम्मी माणसं चौपट वेळा हजर. अशा वेळी सरळ ‘एव्हरी टू वीक्स’ लिहावं. ‘फोर्टनाइट’ही आहे, पण अमेरिकेत तो फारसा चालत नाही. शिवाय तो चौदा रात्रींचा, आणि आपला पंधरवडा पंधराचा. त्यावर हसायची सोय नाही, कारण नावात आठ बाळगून सातच दिवस देणारा आठवडा आपल्याच घरचा.

‘मोमेंटरिली’ ब्रिटनमध्ये क्षणभर, अमेरिकेत क्षणभरातच. विमान ‘मोमेंटरिली’ उतरणार अशी घोषणा झाली, तर पट्टा सोडण्यापूर्वी वैमानिक कुठला ते विचारावं.

या सगळ्या जंजाळात एकच प्रयोग मला घरचा वाटतो: ‘दी अदर डे’. तारीख नाही, वार नाही, नुसतं अलीकडे कधीतरी. ‘परवाच भेटलो की’ मधला परवा हुबेहूब हाच. त्याला तीन आठवडे झालेले असले तरी कुणी कॅलेंडर काढत नाही. फक्त इंग्रजीचा ‘अदर डे’ मागेच बघतो, आपला परवा दोन्हीकडे. त्यामुळे ‘तुझे पैसे परवा देतो’ याचं इंग्रजी ‘डे आफ्टर टुमॉरो’ असं करू नये. तिथे खरोखरच परवा मागायला येतात.