खुलासा: रिमोट डेस्कटॉपवर आपल्या कॉम्प्युटरची फाइल उघडते

ठाण्यात, वागळे इस्टेटच्या आम्हा अकाउंटंट मंडळींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'सर्व्हरवरच्या एक्सेलमध्ये आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडत नाही, आधी ती स्वतःला मेल करा.' हे चुकीचं आहे.

काल ऑफिसात मी पुन्हा करून पाहिलं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये (आपल्या कॉम्प्युटरवरून दूरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, काम करायचा प्रोग्राम), कनेक्ट करण्याआधी 'शो ऑप्शन्स', 'लोकल रिसोर्सेस', मग 'मोअर' दाबायचं आणि 'ड्राइव्हज'मध्ये हव्या त्या ड्राइव्हपुढे टिक करायची. आत गेल्यावर 'धिस पीसी'त आपला ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरच्या नावासकट दिसतो. तिथूनच बँक स्टेटमेंटची फाइल उघडली, एक रक्कम दुरुस्त करून सेव्ह केली. बदल माझ्याच मशीनवर झाला.

गोंधळ होतो तो 'डॉक्युमेंट्स'मुळे. आत दिसणारं डॉक्युमेंट्स सर्व्हरचं असतं, आपलं नव्हे.

मात्र कनेक्शन चालू असेपर्यंत टिक केलेला अख्खा ड्राइव्ह सर्व्हरला वाचता येतो, म्हणून अनोळखी सर्व्हरवर टिक नको. काही कंपन्या ही सोय मुद्दाम बंद ठेवतात. तिथे आयटीवाल्यांना विचारा.

क्लायंटचे पॅन आणि स्टेटमेंट विनाकारण मेलवर फिरताहेत, याची मला खरंच काळजी वाटते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.