डोहात पावडर ओतणाऱ्यांनो, बास करा आता

दरवर्षी तेच! एप्रिल-मेत कोकणातल्या नद्या आटल्या की पाणी उरतं ते डोहात, सगळे मासे तिथंच गोळा होतात आणि मग कुणीतरी रात्रीचं येऊन ब्लीचिंग पावडर ओततं नाहीतर जिलेटीन टाकतं. सकाळी गळ घेऊन जावं तर बोटाएवढी पिल्लं पोटं वर करून काठाला लागलेली, वाम, झिंगे सगळं मेलेलं, आणि ह्यांनी नेलेत फक्त मोठे. अरे १८९७ पासून कायदा आहे, स्फोटकं नि विष दोन्हीला बंदी, पण विचारतो कोण? त्याच डोहावर गुरं पाणी पितात, खाली नळपाणी योजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर आहे. वर हाच माल गावठी मासे म्हणून चढ्या भावाने विकतात आणि लोक घेतात पण! पावसात वर चढून अंडी घालायला मासा उरणार कुठून, सांगा ना.