संस्कृतीकरणाच्या आधी १९१६ चा निबंध शिकवा

बी.ए.च्या पहिल्या वर्षी समाजशास्त्रात जात शिकवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी थेट समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास येतात. संस्कृतीकरण (वरच्या जातीच्या चालीरीती उचलून वरचं स्थान मागणं), प्रभुजाती (संख्या, जमीन आणि सत्तेच्या जोरावर गावात वरचढ असलेली जात), दोन टिपा, धडा संपला. हा क्रम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध घ्या, मग श्रीनिवास.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या आंबेडकरांनी हा निबंध वाचला. सुरुवातीला ते जातीचे अभ्यासक सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या तपासतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: सभासदत्व जन्मानेच मिळतं आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकर केतकरांचं कौतुक करतात, पण दाखवून देतात की या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नच बंद केलं, तर सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. मग जातीचं खास असं लक्षण एकच उरतं, अंतर्विवाह, म्हणजे लग्न गटातच करणं.

इथून पुढचा भाग फळ्यावर आकडे मांडून शिकवावा. समजा गटात ५० पुरुष, ५० स्त्रिया आणि गट बंद. एक नवरा वारला. त्याची बायको आता गणितात 'जास्तीची' झाली. तिने गटाबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं. गटातच केलं तर एका उपवर मुलीच्या वाट्याचा नवरा गेला. दोन्ही वाटा बंद करायच्या तर तिला सरणावर चढवा, नाहीतर जन्मभराचं वैधव्य लादा. आता बायको वारलेला पुरुष घ्या. गणित तेच, पण वरचष्मा त्याचा, म्हणून उत्तर वेगळं. त्याला जाळत नाहीत. ब्रह्मचर्य लादावं तर ते निभणं कठीण, शिवाय गटाची संख्या घटते. मग त्याला बायको शोधायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा या एका हिशोबातून निघतात.

विद्यार्थी इथेच चुकतात. उत्तरपत्रिकेत या प्रथा 'जातिव्यवस्थेचे दुष्परिणाम' म्हणून येतात. निबंध त्यांना जात टिकवण्याची साधनं म्हणतो. हा फरक निसटला की सगळा युक्तिवाद निसटला. तसंच गोत्राचं. सगोत्र विवाह वर्ज्य म्हणजे बहिर्विवाह, हे पाठ असतं; पण मुळात बहिर्विवाही असलेल्या समाजावर अंतर्विवाह चढवला गेला आणि त्यातून जात घडली, हा मुद्दा कुणी लिहीत नाही.

एका वर्गाने, म्हणजे ब्राह्मणांनी, दार लावून घेतलं, पण बाकीच्यांचं काय? काहींनी अनुकरण केलं, काहींना दार बंद झालेलं आढळलं. अनुकरणासाठी आंबेडकर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचे नियम वापरतात: अनुकरण वरून खाली जातं आणि अंतर वाढेल तसं विरळ होतं. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींत तिन्ही प्रथा, त्याहून दूर वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूर फक्त बालविवाह, सर्वांत दूर नुसती जातीच्या तत्त्वावरची श्रद्धा.

हे पक्कं झालं की श्रीनिवास यांचं १९५२ चं, कर्नाटकातल्या कूर्गच्या समाजावरचं पुस्तक उलगडतं. त्यांनाही अनुकरणच दिसलं, पण शिडी चढण्याच्या अंगाने: मांस-मद्य सोडायचं, विधी आणि दैवतं बदलायची, आणि एक-दोन पिढ्यांत वरचं स्थान मागायचं. जातीची जागा बदलते, रचना तशीच राहते, हे श्रीनिवास यांनीच सांगितलं आहे. वर चढू पाहणारी जात विधवाविवाह का बंद करते, याचं उत्तर मात्र ५०-५० च्या हिशोबाशिवाय लागत नाही. नुसतं श्रीनिवास वाचणाऱ्याला शिडी दिसते, भिंत दिसत नाही.

शिवाय संस्कृतीकरण हा शब्द फार सैल वापरला जातो. इंग्रजी शाळा, चारचाकी, शहरातला फ्लॅट म्हणजे संस्कृतीकरण नव्हे. कोणती प्रथा बदलली, कोणाकडे बघून बदलली आणि वरच्या दर्जाचा दावा केला का, एवढं विचारावं. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींची उतरंड लावली, तेव्हा वरच्या जागेसाठी अर्जांची रीघ लागली. ते उदाहरण नेमकं बसतं.

निबंधाची मर्यादाही सांगायला हवी. अस्पृश्यतेची चर्चा त्यात जवळपास नाही. त्यासाठी आंबेडकरांचं नंतरचं लेखन वाचावं लागतं. पण हा निबंध छोटा आहे, एका बैठकीत होतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे.

वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती वधू-वर सूचीची पानं द्या. जात, पोटजात, 'प्रथम वर' की घटस्फोटित, विधवा-विधुरांच्या अटी वेगवेगळ्या रकान्यांत मोजायला लावा. 'पोटजातीची अट नाही' असं लिहिणाऱ्या जाहिराती सापडतील. त्यांतल्या किती जणांनी पुढे 'एससी/एसटी क्षमस्व' लिहिलंय, त्याचा रकाना वेगळा ठेवा.